रोजकीर्द, खतावणी आणि डॅशबोर्ड

कोविडच्या पहिल्या महिन्यांत सारे जग ज्या काळ्या नकाशाकडे आणि त्यावरील लाल वर्तुळांकडे डोळे लावून बसले होते, तो नकाशा आता इतिहासाचे साधन झाला आहे. मात्र इतिहासकाराला हवा असलेला पुरावा त्या नकाशात नाही. तो नकाशामागच्या तक्त्यांत आहे. हा धागा त्या तक्त्यांविषयी.

मृत्यूचे आकडे सर्वांनी मिळून वाचण्याची सवय जुनी आहे. सतराव्या शतकातील लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्युसूची छापून विकली जात असे. कोणत्या पॅरिशमध्ये किती माणसे दगावली आणि कशाने, याचा तो तक्ता. सधन मंडळी तो पाहून शहर सोडावे की राहावे, हे ठरवीत. १६६२ मध्ये जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने अशा अनेक वर्षांच्या सूची एकत्र करून पुस्तक लिहिले. त्याला एक गोष्ट खटकली: उपदंशाने मेलेल्यांची संख्या फारच थोडी दिसते. मृत्यूचे कारण पाहायला घरोघरी वृद्ध स्त्रिया जात; त्यांच्या हातावर थोडे पैसे ठेवले की कारण बदलून लिहिले जाते, असे त्याने नोंदवले. आकडा कोणी लिहिला आणि का लिहिला, हा प्रश्न तक्त्याला विचारणारा हा मनुष्य मला म्हणूनच फार जवळचा वाटतो.

छापील कागदाचा एक गुण होता. तो एकदा विकला गेला की मुकाट्याने बदलता येत नसे.

क्लाउडवरील तक्त्याचे नेमके उलटे आहे. तक्ता एकाच ठिकाणी, दूरच्या सर्व्हरवर असतो. अनेक हात त्यात एकाच वेळी भर घालतात आणि आलेख आपोआप बदलतो. ‘बिझनेस इंटेलिजन्स’ हा शब्दप्रयोग आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये आपल्या निबंधाच्या शीर्षकात वापरला, तेव्हा त्यांच्यापुढे कचेरीतील दस्तऐवज योग्य माणसापर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न होता. पुढे कंपन्यांच्या विक्रीचे आकडे दाखवण्यासाठी घडलेली ही साधने २०२० मध्ये अचानक साथीच्या कामी आली.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्राध्यापक लॉरेन गार्डनर आणि त्यांचे विद्यार्थी एनशेंग डोंग यांनी तो डॅशबोर्ड २२ जानेवारी २०२० रोजी खुला केला. नकाशा आर्कजीआयएस या क्लाउडवरील प्रणालीवर उभा होता. जानेवारी संपेपर्यंत सर्व आकडे हाताने भरले जात, बहुधा दिवसातून दोनदा. ते आधी गूगल शीटमध्ये होते, मग गिटहबवर गेले. इतिहासाच्या दृष्टीने हे स्थलांतर सर्वांत महत्त्वाचे, असे माझे मत आहे.

कारण सांगतो. गूगल शीट केवळ वाचण्यासाठी खुली असेल, तर तिच्यातील जुने बदल वाचकाला दिसत नाहीत. ते पाहण्याचा अधिकार संपादन करणाऱ्यांकडे राहतो. गिटहबवर प्रत्येक बदल तारखेसह सर्वांसमोर राहतो. शिवाय तेथे दोन प्रकारच्या फाइली होत्या: एक दररोजची स्वतंत्र नोंद, आणि दुसरा प्रत्येक प्रदेशाचा सलग तक्ता, ज्यात मागाहून दुरुस्त्या होत. पेशवे दफ्तराशी ओळख असलेल्यांना हे लगेच उमगेल. पहिली रोजकीर्द, दुसरी खतावणी. दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय हिशेब कळत नाही.

आता आपल्याकडचे उदाहरण. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने जुन्या नोंदींची फेरतपासणी करून १,३२८ मृत्यू एकदम यादीत घेतले. त्यांपैकी ८६२ मुंबईतील होते. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या आकडेवारीत देशाच्या मृत्युसंख्येत एका दिवसात २,००३ची वाढ दिसली. आलेखावर तेथे उंच सुळका आहे. शंभर वर्षांनी कोणी केवळ आलेख पाहिला, तर त्या दिवशी काहीतरी भयंकर घडले असे तो लिहील. प्रत्यक्षात ती माणसे आधीच्या आठवड्यांत गेली होती. त्या दिवशी सरली ती कागदावरची थकबाकी. मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख यांतले हे अंतर डॅशबोर्ड सांगत नाही.

‘कोविड१९इंडिया’ हा स्वयंसेवकांचा उपक्रम येथे आठवावा. राज्यांची पत्रके कधी पीडीएफ, कधी छायाचित्र, कधी नुसते ट्विट, अशा रूपांत येत. स्वयंसेवक ती वाचून सामायिक तक्त्यात उतरवीत. सुरुवातीला तर एका रुग्णाला एक ओळ होती आणि प्रत्येक ओळीपुढे बातमीच्या किंवा पत्रकाच्या दुव्यांसाठी रकाने होते. म्हणजे तळटीपाच! रुग्ण वाढले तशी एकेका माणसाची ओळ मागे पडली आणि जिल्ह्याचा एकत्रित आकडा आला. तेथे कष्ट वाचले, पण तपशील गेला. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी हे काम थांबले.

सामायिक तक्त्याऐवजी फाइली इकडून तिकडे नेल्या की काय होते, हे इंग्लंडने पाहिले. तेथील आरोग्य यंत्रणा प्रयोगशाळांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ओतत होती. त्या फाइलीत ६५,५३६पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद त्यामुळे दैनंदिन आकड्यांतून सुटली, आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही लांबला.

जॉन्स हॉपकिन्सने १० मार्च २०२३ रोजी नवे आकडे गोळा करणे थांबवले. गिटहबवरचे ते दफ्तर मात्र वाचण्यासाठी खुले ठेवले. ज्यांना सराव करायचा आहे त्यांनी जून २०२० मधील भारताच्या रोजच्या फाइली काढाव्यात, त्यांच्या शेजारी सलग तक्ता ठेवावा, आणि १६ जूनच्या सुळक्यातील मृत्यू त्यांच्या खऱ्या तारखांना नेण्यासाठी आणखी कोणती कागदपत्रे लागतील, त्यांची यादी करावी. माझ्या यादीत सर्वांत वर महापालिकांच्या मृत्युनोंदी आहेत.