सातबारा उतारा

महाराष्ट्रातल्या शेतजमिनीची जन्मकुंडली म्हणजे सातबारा. गाव नमुना ७ मध्ये भोगवटादार, क्षेत्र, कर्जाचा बोजा व इतर हक्क. १२ मध्ये पिके. हक्क बदलला की नोंद आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे नमुना ६ मध्ये होते. जाणकार खरेदीदार म्हणूनच जुने फेरफार काढतो: वाटण्या, वारस, गहाण, सारे तिथे उलगडते.

शहरी भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक, गोव्यात नमुना १ व १४.

खरेदीखताचा माग दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक २ मध्ये लागतो, गावातल्या घरपट्टीचा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये.

जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार अधिकार अभिलेखातली, म्हणजे सातबाऱ्यासारख्या हक्कनोंदीतली, नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतात. मालकी मात्र उताऱ्यामुळे मिळत नाही.