जलाशयातील बेपत्ता व्यक्तींचा शोध आणि विज्ञान : सावित्री दुर्घटनेच्या संदर्भात

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील महाडजवळचा, सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल महापुरात कोसळला. एस.टी. महामंडळाच्या दोन बसगाड्या व एक खासगी मोटार प्रवाशांसह नदीत गेली. महाराष्ट्रातील जलशोधाच्या इतिहासात ही घटना विशेष अभ्यसनीय ठरते.

शोधकार्यात पोलिसांसमवेत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व तटरक्षक दल उतरले होते. क्रेनला बांधलेले ३०० किलो वजनाचे लोहचुंबक पाण्यात सोडण्यात आले. तरीही पहिल्या बसचा सांगाडा नौदलाच्या पाणबुड्यांना सापडला तो ११ ऑगस्ट रोजी, आणि तोही पुलापासून केवळ २०० मीटरच्या आसपास! गढूळ, वेगवान पाण्यापुढे मनुष्यबळ किती तोकडे पडते, हे या नऊ दिवसांनी दाखवून दिले.

याच काळात काही मृतदेह मात्र थेट समुद्रकिनारी, दापोली तालुक्यातील आंजर्ल्यापर्यंत पोहोचले होते. लोखंडी सांगाडा तळाशी रुततो; मानवी शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने प्रवाह ते सहज वाहून नेतो. बुडालेले शरीर कुजण्याच्या क्रियेतील वायूंमुळे पुन्हा वर येते व उबदार पाण्यात ही क्रिया लवकर घडते. पुढे बाणकोटच्या खाडीत भरती-ओहोटीचा जोर असतो. म्हणजेच वाहनांचा शोध व माणसांचा शोध हे दोन भिन्न प्रश्न होते. खाडीचे पाणी कोणत्या वेळी कोठे ओढते, हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या कोळी बांधवांचे ज्ञानही येथे शास्त्राइतकेच मोलाचे मानावे लागते.

मृतदेह न मिळाल्यास कुटुंबाचे दुःख कायद्याच्या दारातही थांबते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ नुसार, सात वर्षे ठावठिकाणा न लागलेली व्यक्ती मृत असल्याचे गृहीत धरता येत असे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ही मुदत कायम ठेवली. तोवर वारसा व विमा यांचे प्रश्न अनेकदा लोंबकळत राहतात.

छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगरसारख्या वसाहतीत नोंदलेल्या बेपत्ता व्यक्तीचा माग हर्सूल तलावाकडे वा पैठणच्या नाथसागराकडे गेला, तर परिस्थिती सावित्रीहून वेगळी असते. संथ पाण्यात शरीर बहुधा बुडाल्या जागेजवळच तळाशी जाते. अशा ठिकाणी ध्वनिलहरींनी तळाचे चित्र घेणारे सोनार उपयुक्त ठरते. परंतु ते कोठे फिरवायचे, हे काठावरील प्रत्यक्षदर्शीने दाखविलेल्या जागेवरूनच ठरते. ती जागा पहिल्याच तासात दोन स्थिर खुणांच्या आधारे पंचनाम्यात नोंदविणे, हे जलशोधातील सर्वांत स्वस्त शास्त्रीय साधन होय.