दार उघडं होतं, मग मुलं का आली नाहीत? अमेरिकेतला फोर-एच क्लबचा खटला आणि 'सर्वांसाठी खुला' या शब्दांचा अर्थ

'कार्यक्रम सर्वांसाठी खुला आहे.' हे वाक्य तुम्ही शेकडो पोस्टरवर वाचलं असेल. सरकारी शिबिर असो, कार्यशाळा असो किंवा मुलांचा एखादा उपक्रम, खाली बारीक अक्षरात ते असतंच.

पण समजा, कार्यक्रम खरंच खुला आहे, कुणालाही अडवलेलं नाही, आणि तरीही वर्षानुवर्षं एकाच समाजाची माणसं येत राहिली, तर? संस्थेने हात वर करायचे, की बाकीचे का येत नाहीत ते शोधायचं?

हा प्रश्न १९८६ साली थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोहोचला होता. कारण होते मुलांचे क्लब. कोंबड्या पाळायला, भाज्या पिकवायला, शिवणकाम करायला शिकवणारे साधे क्लब.

आधी कार्व्हरची गाडी

ही गोष्ट मराठी वाचकाला पूर्ण अनोळखी नाही. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' वाचलेल्यांना अलाबामा राज्यातली टस्कीगी ही संस्था माहीत असेल. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये तिथे शिकवायला आले. शेतकरी कॉलेजात येऊ शकत नाहीत, तर कॉलेजनेच शेतकऱ्याकडे जावं, या विचारातून १९०६ मध्ये तिथून एक घोडागाडी निघाली. तिच्यात अवजारं, बियाणं आणि लोणी काढायची यंत्रं होती. पैसे देणारे न्यूयॉर्कचे बँकर मॉरिस जेसप, म्हणून नाव पडलं जेसप वॅगन. ती चालवणारे थॉमस कॅम्पबेल त्याच वर्षी अमेरिकी कृषी खात्याचे पहिले कृष्णवर्णीय विस्तार कर्मचारी झाले.

विस्तार म्हणजे आपल्याकडे कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्र करतं तेच काम. विद्यापीठातलं ज्ञान बांधापर्यंत नेणं. अमेरिकेत याला कायद्याचा आधार मिळाला १९१४ साली, स्मिथ-लिव्हर कायद्याने. केंद्राचा पैसा, राज्याच्या कृषी विद्यापीठाची माणसं आणि प्रत्येक काऊंटीत एक कार्यालय, अशी रचना. शाळा-कॉलेजबाहेरच्या लोकशिक्षणाची एवढी मोठी सरकारी यंत्रणा जगात फार थोड्या ठिकाणी आहे. मुलांसाठीचे फोर-एच क्लब याच यंत्रणेचा भाग. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य या अर्थाचे चार इंग्रजी शब्द 'एच'ने सुरू होतात, म्हणून फोर-एच. आज सुमारे साठ लाख मुलं त्यात आहेत.

आता या कायद्यातली मेख बघा. दक्षिणेकडच्या राज्यांत वंशभेदामुळे दोन-दोन कृषी कॉलेजं होती, एक गोऱ्यांचं, एक कृष्णवर्णीयांचं. विस्ताराचा पैसा कुठल्या कॉलेजला द्यायचा, हे कायद्याने राज्याच्या विधिमंडळावर सोडलं. तेव्हाच्या दक्षिणेत विधिमंडळं कुणाच्या हातात होती, हे वेगळं सांगायला नको. पैसा गोऱ्यांच्या कॉलेजकडे गेला. कृष्णवर्णीय कर्मचारी नेमले गेले, पण त्यांच्या हाताखाली आणि कमी पगारावर.

१९२० मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ही संख्या पन्नास हजारांच्या आत आहे. याला एकटी विस्तार सेवा जबाबदार नाही. शहरांकडे झालेलं स्थलांतर, कर्ज नाकारणाऱ्या बँका आणि सरकारी कार्यालयं, वारसाहक्कात गेलेल्या जमिनी, अशी बरीच कारणं आहेत. पण नव्या बियाण्याची, कर्जाची, अनुदानाची खबर कुणाला आधी मिळते आणि कुणाला मिळतच नाही, यावर शेत टिकणं अवलंबून असतं. हे विदर्भ-मराठवाड्यातल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

१९६४ नंतर काय बदललं?

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण सांगतं, की केंद्राचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमात वंश, रंग किंवा मूळ देश यावरून भेदभाव करता येणार नाही. भेदभाव केलात तर पैसा बंद.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात तोवर विस्तार सेवेच्या दोन शाखा होत्या, गोऱ्यांची वेगळी आणि कृष्णवर्णीयांची वेगळी. १९६५ च्या ऑगस्टमध्ये त्या एकत्र केल्या. कागदोपत्री काम झालं. प्रत्यक्षात दोन गोष्टी तशाच राहिल्या. कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांचे पगार कमीच राहिले, कारण जुना पगार हाच पाया धरून पुढची वाढ दिली गेली. आणि मिश्र वस्तीच्या गावांतही फोर-एच क्लब मोठ्या संख्येने एकाच वंशाचे राहिले.

काही कृष्णवर्णीय कर्मचारी १९७१ मध्ये कोर्टात गेले. निकाल लागायला १९८६ चा जुलै उजाडला. पंधरा वर्षं. हा खटला 'बेझमोर विरुद्ध फ्रायडे' म्हणून ओळखला जातो. फ्रायडे म्हणजे राज्याच्या विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष. विस्तार सेवा विद्यापीठाच्या अखत्यारीत, म्हणून त्यांचं नाव.

एकाच खटल्याचे दोन निकाल

पगारावर सगळे न्यायमूर्ती एकमताने कर्मचाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. भेदभाव जुना असला तरी त्यावर बेतलेला प्रत्येक नवा पगार हा नवा अन्याय आहे, असा त्याचा अर्थ. पुढे समान वेतनाच्या लढ्यात, अगदी २००९ च्या लिली लेडबेटर कायद्यापर्यंत, या तत्त्वाचा आधार घेतला गेला.

क्लबच्या प्रश्नावर मात्र कोर्ट पाच विरुद्ध चार असं फुटलं.

बहुमताच्या बाजूने न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांचा मुद्दा असा होता : शाळा सक्तीची असते, क्लब ऐच्छिक. मुलाला हव्या त्या क्लबात जाता येतं, नाही गेलं तरी चालतं. सेवेने वंशभेदाचं धोरण बंद केलं आहे आणि कुणाला प्रवेश नाकारल्याचा पुरावा नाही. मग क्लब एकाच वंशाचे आहेत एवढ्यावरून कायदा मोडला असं म्हणता येणार नाही.

न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांच्यासह चौघांना हे पटलं नाही. हे क्लब आपोआप एकरंगी झालेले नाहीत, याच सेवेने ते वर्षानुवर्षं तसे बांधले, असं त्यांचं म्हणणं. शिवाय कृषी खात्याचा स्वतःचा नियम सांगतो, की आधी भेदभाव झालेला असेल तर त्याचे परिणाम पुसण्यासाठी संस्थेने स्वतःहून पावलं उचलली पाहिजेत.

मला विचाराल तर ब्रेनन यांची बाजू जास्त खरी वाटते. दहा वर्षांचं मूल एकटं क्लब 'निवडत' नाही. मैत्रीण जाते तिथे ते जातं, आईबाबा ज्या घरी सोडायला तयार असतात तिथे जातं. ज्या घरात आपल्यासारखं कुणीच नाही, त्या घराचं दार उघडं असलं तरी पहिलं पाऊल टाकायला कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं. पण व्हाइट यांचा प्रश्नही उडवून लावण्यासारखा नाही. संख्या जुळावी म्हणून मुलांना या क्लबातून त्या क्लबात हलवायचं का? तसा आदेश द्यायला कोर्ट कचरलं, हे समजण्यासारखं आहे.

मग 'पुरेसे प्रयत्न' म्हणजे किती?

निकाल काहीही असो, कृषी खात्याचा नियम कायम राहिला, आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वात उपयोगी भाग तोच आहे.

नियम असा, की एखाद्या कार्यक्रमात एखाद्या समाजाची माणसं दिसत नसतील, तर आम्ही भेदभाव करत नाही एवढं म्हणून भागत नाही. 'सर्व वाजवी प्रयत्न' केले हे दाखवावं लागतं. आणि वाजवी म्हणजे काय, हेही ठरलेलं आहे. वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही यांतून कार्यक्रमाची माहिती द्यायची. त्यानंतर, ज्यांनी यायला हवं पण येत नाहीत, त्यांना नावानिशी पत्र पाठवायचं, त्यात तारीख आणि जागा लिहायची. आणि शेवटी, त्यांच्यातल्या पुरेशा लोकांच्या घरी स्वतः जायचं.

घरी स्वतः जायचं, हे पुन्हा वाचा. सरकारी नियमात हे लिहिलेलं आहे. कार्व्हरच्या गाडीचंच हे कागदी रूप.

या प्रत्येक गोष्टीचा पुरावा ठेवावा लागतो. काऊंटी कार्यालयात त्यासाठी वेगळी फाइल असते. कुठे जाहिरात दिली, पत्रं कुणाला गेली, कुणाच्या घरी कोण कधी गेलं. वरून तपासणी आली की पहिल्यांदा ती फाइल मागितली जाते. भिंतीवर 'अँड जस्टिस फॉर ऑल' नावाचं पोस्टर लोकांना दिसेल असं लावणं बंधनकारक. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी भेदभाव न करण्याचं निवेदन. अपंग व्यक्तीला दुभाषी, रॅम्प किंवा मोठ्या अक्षरातला मजकूर हवा असेल तर कुणाला कळवायचं, तेही.

आकड्यांचा हिशोबही असतो. समजा, एखाद्या काऊंटीत कार्यक्रमाचा लाभ घेऊ शकतील अशा लोकांत २५ टक्के कृष्णवर्णीय आहेत. तर प्रत्यक्ष येणाऱ्यांत ते किमान २० टक्के असावेत, म्हणजे वाट्याच्या ८० टक्के, असा ढोबळ निकष अनेक राज्यांच्या विस्तार सेवा वापरतात. त्याहून कमी भरले तर लगेच कायदा मोडला असं नाही, पण प्रयत्नांची फाइल उघडावी लागते.

यात पळवाटही आहे, आणि ती कार्यालयात काम केलेल्या कुणालाही दिसेल. फाइल भरणं हेच काम होऊन बसतं. दोन पत्रं टाकली, एक फोटो काढला, झाले प्रयत्न. सभा कुठे ठेवली, किती वाजता ठेवली, मजुरीवर जाणाऱ्या बाईला ती वेळ जमणार होती का, हे त्या फाइलमध्ये क्वचितच दिसतं.

भाषेचा अडथळा

इंग्रजी न येणाऱ्याला इंग्रजी पत्रक देणं म्हणजे काय? १९७४ च्या लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत इंग्रजी न समजणाऱ्या चिनी मुलांना काहीच मदत न देता त्याच वर्गात बसवणं हा सहाव्या प्रकरणाचा भंग आहे. सर्वांना तेच पुस्तक, तोच शिक्षक दिला म्हणजे समान वागणूक झाली, हा युक्तिवाद टिकला नाही. २००० साली अध्यक्ष क्लिंटन यांनी केंद्राच्या पैशावरच्या सगळ्या कार्यक्रमांसाठी भाषा-मदतीचा आदेश काढला.

मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला अधिकृत भाषा जाहीर करताना तो आदेश रद्द केला. एप्रिलमध्ये आणखी एक आदेश आला. हेतू भेदभावाचा नसला तरी परिणाम एका गटावर जास्त होतो, या आधारावरची कारवाई शक्य तिथे थांबवा, असा त्याचा रोख. १९६४ चा कायदा मात्र जागेवर आहे, तो अध्यक्षांच्या सहीने रद्द होत नाही.

जुना हिशोबही अजून चुकता झालेला नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. कृष्णवर्णीयांच्या कृषी विद्यापीठांना गेल्या तीन दशकांत मिळायला हवे होते, त्यापेक्षा १२ अब्ज डॉलरहून जास्त कमी मिळाले, असा त्यातला आकडा होता.

आपल्याकडे याचं काय?

भारतातली कृषी विद्यापीठं याच अमेरिकी नमुन्यावर उभी राहिली. पहिलं पंतनगरला १९६० मध्ये, आणि महाराष्ट्रातलं राहुरीचं १९६८ मध्ये. रचना आली, पण तिच्यासोबत दारात न आलेल्यांची मोजदाद करणारा नियम आला नाही. 'आत्मा' योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत किमान ३० टक्के साधनं महिला शेतकऱ्यांवर खर्च करावीत असं आहे. पण गावातल्या बैठकीला बोलावणं जातं ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. ज्या बाईच्या हातात खुरपं आहे तिचं नाव बहुतेकदा उताऱ्यावर नसतं. भूमिहीन मजुराचं तर नसतंच. बैठक खुली असते, यादी नसते.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी

तुमची मुलं फोर-एचमध्ये असतील किंवा तुम्ही काऊंटीच्या बागकामाच्या वर्गाला जात असाल, तर तो कार्यक्रम याच कायद्याखाली येतो. भेदभाव झाला असं वाटलं तर अमेरिकी कृषी खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार करता येते. घटनेपासून १८० दिवसांच्या आत. वकील लागत नाही. कुठे पाठवायची, तो पत्ता पत्रकाच्या तळाशी, त्या बारीक अक्षरांतच दिलेला असतो.