शेगडीची पारख : साक्ष कोणाची मानावी?

स्वयंपाकघराचा इतिहास म्हटला की आपल्याकडे बहुधा पदार्थांचा इतिहास लिहिला जातो. ज्या अग्नीवर ते पदार्थ शिजले त्याच्या साधनांकडे फारसे कोणी वळत नाही. वस्तुतः मराठी भाषेने चुलीला मोठा मान दिला आहे. नवे घर थाटणे म्हणजे चूल मांडणे, आणि भाऊ विभक्त झाले की चुली वेगळ्या झाल्या, असे आपण आजही म्हणतो. ही चूल विकत घेण्याची वस्तू नव्हती. जी बाई तिच्यावर रांधणार असे, बहुधा तीच माती कालवून ती घाली, वैलाचे भोक हातातल्या भांड्याच्या मापाने ठेवी आणि नित्य सारवून तिची डागडुजी करी. घडविणारी, वापरणारी आणि पारखणारी व्यक्ती एकच असल्याने ‘ही चूल चांगली काय?’ असे दुसऱ्या कोणास विचारण्याचे कारणच नव्हते.

हा प्रश्न उद्भवला तो चूल बाजारात आली तेव्हा. दूरदेशीच्या कारखान्यात अनोळखी माणसाने घडविलेले यंत्र घरात आणायचे, तर ते आणण्यापूर्वी कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. तो शब्द कोणाचा मानावा, या प्रश्नाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील इतिहास पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शेगडीसारखी वस्तू आता संगणकाच्या पडद्यावरील तारे मोजून घेतली जात असल्याने या इतिहासाला आज विशेष प्रयोजन आहे.

आपल्या शहरी घरांत या बदलाची वर्दी दिली ती पंपाच्या स्टोव्हने. स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ च्या सुमारास काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह सिद्ध केला, आणि ‘प्रायमस’ हे त्याचे नाव पुढे त्या जातीच्या सर्वच स्टोव्हना चिकटले. टाकीत पंपाने हवा भरायची, त्या दाबाने रॉकेल वर चढायचे, तापलेल्या नळीत त्याची वाफ व्हायची आणि ती बारीक छिद्रातून बाहेर पडून निळ्या ज्योतीने जळायची, अशी त्याची रचना. काकडा पेटवून बर्नर आधी तापविणे, छिद्र तुंबले की पिन मारणे, वायसर झिजला की बदलणे, ही नवी कौशल्ये गृहिणींनी आत्मसात केली. फुंकणी सुटली, डोळ्यांचे पाणी थांबले. त्या बदल्यात एक दाबाखालचे, पेट घेणारे यंत्र पदराजवळ आले.

असा स्टोव्ह निवडताना पहिली साक्ष असे ती शेजारणीची. त्या साक्षीचे बळ थोडे नव्हते. शेजारणीच्या घरी माणसे किती, तिच्याकडे भात अधिक की भाकरी, ती हाताने नेटकी की धसमुसळी, हे सारे विचारणारीला ठाऊक असे. स्टोव्ह पेटलेला प्रत्यक्ष पाहता येई, त्याचा आवाज ऐकता येई. आणि सल्ला चुकला तर सल्ला देणारी भिंतीपलीकडेच असे. परंतु या साक्षीला दोन मर्यादा होत्या. शेजारणीने एकच स्टोव्ह वापरलेला असे, त्यामुळे तुलना तिच्या हाती नव्हती. दुसरी मर्यादा अधिक गंभीर. घरात जे झाकून ठेवायचे ते शेजारणीच्या तोंडून बाहेर येत नसे.

‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ हे शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वृत्तपत्रांच्या वाचकांना इतके परिचयाचे झाले की त्यांवरून नजर सहज पुढे सरके. यांतील काही घटना खरोखरच सदोष यंत्रामुळे घडल्या असतील. तेथे ‘बाईने काळजी घेतली नाही’ असे म्हणून यंत्राला सोडून दिले गेले. काही घटनांत यंत्र निर्दोष होते आणि माणसे दोषी. तेथे दोष स्टोव्हवर ढकलून माणसांना सोडून दिले गेले. हुंड्यासाठी होणाऱ्या छळाविरुद्ध स्त्री-संघटनांनी आवाज उठविल्यानंतर भारतीय दंडविधानात १९८३ साली कलम ४९८-अ आणि १९८६ साली हुंडाबळीचे कलम ३०४-ब आले. त्याच १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदाही संमत झाला. या दोन कायद्यांचे मार्ग वेगळे आहेत, हे खरे. तरीही दोहोंच्या मुळाशी एकच गरज दिसते. घराच्या आत जे घडते त्याची निष्पक्ष तपासणी व्हावी, ती घरातल्या किंवा दुकानातल्या बलवानाच्या सांगण्यावर सोडू नये, अशी ती गरज होती.

निष्पक्ष तपासणीची कल्पना पश्चिमेत आधी रुजली होती. अमेरिकेत गुड हाउसकीपिंग या मासिकाने १९०० मध्ये घरगुती वस्तूंच्या परीक्षणासाठी प्रयोगकेंद्र काढले आणि १९०९ पासून आपली मोहोर देण्यास आरंभ केला. १९३६ मध्ये तेथेच कन्झ्यूमर्स युनियन ही संस्था निघाली. तिने उत्पादकांच्या जाहिराती न घेण्याचा नियम केला, कारण ज्याचे मीठ खायचे त्याची परीक्षा नि:संकोचपणे करता येत नाही. ब्रिटनमध्ये ‘विच?’ हे ग्राहकांचे नियतकालिक १९५७ मध्ये सुरू झाले. आपल्याकडे भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली, १९५२ च्या कायद्याने तिला प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला आणि ‘आयएसआय मार्क’ हा शब्द बाजारात रूढ झाला. १९८७ मध्ये या संस्थेची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये सुरू केलेली ग्राहक पंचायतीची चळवळ, १९७५ ची मुंबई ग्राहक पंचायत आणि १९७८ मध्ये अहमदाबादेत निघालेले ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र यांनी सामान्य ग्राहकाला प्रश्न विचारण्याची सवय लावली.

मात्र गॅसच्या शेगडीच्या बाबतीत ही सवय उपयोगी पडायला वेळ लागला. मुंबईत बर्मा-शेल कंपनीचा स्वयंपाकाचा गॅस १९५५ मध्ये आला, इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ १९६५ मध्ये. पण पुढची कित्येक वर्षे जोडणीसाठी नाव नोंदवून वाट पाहत बसावे लागे. जोडणी मिळाली की वितरक देईल ती शेगडी घरात येई. जेथे वस्तूच मिळत नाही तेथे तिच्या पारखीला अर्थ उरत नाही. निवड ही विपुलतेची मुलगी आहे, आणि शेगडीच्या बाबतीत ती आपल्या घरांत उशिरा जन्मली.

प्रयोगशाळेच्या साक्षीचे स्वरूपही समजून घेण्याजोगे आहे. घरगुती गॅसशेगडीच्या भारतीय मानकाचा क्रमांक ४२४६. त्याप्रमाणे ठराविक मापाच्या भांड्यात मोजून घेतलेले पाणी तापवितात, त्यास किती गॅस लागला ते पाहतात आणि त्यावरून औष्णिक कार्यक्षमता काढतात. ती किमान ६८ टक्के असावी लागते. वायू गळतो काय, ज्योत स्थिर राहते काय, विषारी वायू किती निघतो, हेही तपासले जाते. ही साक्ष शेजारणीला कधीच देता आली नसती. पुढे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ मध्ये ताऱ्यांची चिठ्ठी आणली. गॅसशेगड्याही प्रथम ऐच्छिक तत्त्वावर त्या योजनेत आल्या. हे तारे मोजमापाचे आहेत, एवढे येथे लक्षात ठेवावे.

परंतु प्रयोगशाळेलाही न दिसणारे काही असते, याचा धडा चुलीच्याच इतिहासात आहे. त्याचा आरंभ हैदराबादचा आहे. तेथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धूर बाहेर टाकणारी, धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ मध्ये कोट्यवधींच्या स्वयंपाकघरांतून धूर घालविण्याचे स्वप्न मांडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. हेतू थोर होता आणि गरज खरी होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतील चार खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासातील धूर मोजला, तेव्हा त्या गरजेला आकड्यांचाही आधार मिळाला. केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो सुमारे दोन दशके चालून २००२ मध्ये केंद्राच्या पातळीवर थांबला. त्या काळात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या, पण त्यांतील पुष्कळ लवकरच मोडल्या किंवा पडून राहिल्या. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हन्ना यांनी ओडिशात केलेल्या दीर्घ पाहणीतही हेच आढळले. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली चूल घरात पहिल्या वर्षी धूर काहीसा कमी करी. पुढे तिचा वापर आणि निगा दोन्ही घटत जाऊन तो लाभ नाहीसा होई.

असे का होते, हे भाकरी थापणाऱ्या कोणत्याही बाईने सांगितले असते. तव्यावरून काढलेली भाकरी आहारावर उभी करून शेकायची असते. चुलीचे तोंड लहान केले की ती जागाच जाते. लाकूड बारीक फोडावे लागते, आणि ते फोडण्याचे श्रम कार्यक्षमतेच्या टक्केवारीत धरलेले नसतात. वैलाचे भोक एका मापाचे आणि घरातले पातेले दुसऱ्या मापाचे, धुराडे साफ करायला छपरावर कोणी चढायचे याचा पत्ता नाही. पाण्याच्या भांड्याने दिलेली साक्ष खरी होती, पण तिला भाकरीविषयी काही विचारलेले नव्हते.

आता तिसरी साक्ष आली आहे, ती अनोळखी समुदायाची. काचेचे झाकण असलेली शेगडी घ्यावी की पोलादी, दोन बर्नरची की चार बर्नरची, की विजेवरची इंडक्शन शेगडी, हे ठरविताना हजारो लोकांचे अभिप्राय आणि पाचांपैकी तारे समोर येतात. शेजारणीचा अनुभव आणि प्रयोगशाळेचा आकडा या दोहोंचा मिलाफ झाल्याचा येथे भास होतो. बारकाईने पाहिले तर दोघींचेही गुण यात पूर्णपणे उतरलेले नाहीत. बोलणारा कोण, त्याच्या घरी काय शिजते, हे ठाऊक नसते. शेगडी पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिलेले पाच तारे वस्तूचे नसून वेष्टनाचे आणि वेळेवर पोचविणाऱ्याचे असतात. फार खूश झालेले आणि फार चिडलेले तेवढे लिहितात, मधले गप्प राहतात. काही अभिप्राय तर विकतचेच असतात. या शेवटच्या रोगावर उपाय म्हणून मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अभिप्राय कसे गोळा करावे, तपासावे आणि छापावे यासाठी आयएस १९००० हे मानक काढले. शेगडीला मानक होतेच. आता शेगडीविषयीच्या बोलण्यालाही मानक लागले. हे मानक आले तेव्हा ऐच्छिक होते.

या इतिहासातून एक व्यावहारिक शहाणपण निघते. तीन साक्षीदारांना तीन वेगळे प्रश्न विचारावेत. यंत्र सुरक्षित आहे काय, हे प्रमाणचिन्हाला विचारावे. हजार तारे त्या चिन्हाची जागा घेऊ शकत नाहीत. इंधन किती जळेल, हे मोजलेल्या कार्यक्षमतेला विचारावे. आणि रोजच्या वापरात ती कशी वागते, हे वापरणाऱ्यांना विचारावे; त्यातही वर्षभर वापरून लिहिणाऱ्यांना आधी. वर्षाने बटणे घट्ट झाली काय, उतू गेलेले दूध बर्नरखाली साचते काय, ज्योत निळीची पिवळी झाली काय, दुरुस्तीला माणूस येतो काय, हे ताऱ्यांच्या सरासरीत दिसत नाही. तक्रारींच्या मजकुरात दिसते. एकच तक्रार दहा जण वेगवेगळ्या शब्दांत करीत असतील, तर ती मानावी.

शिवाय आपले घर आणि लिहिणाऱ्याचे घर यांतील अंतर मोजावे. बडोद्यासारख्या शहरात नळाने येणाऱ्या वायूवर शेगडी चालवायची असेल, तर सिलिंडरवाल्याचा अभिप्राय जसाच्या तसा लागू होत नाही. दोन्ही वायूंचा दाब आणि गुण निराळे, म्हणून जेटही निराळे. पुरणपोळीच्या मोठ्या तव्याला कडेपर्यंत सारखी आच हवी, ती चहाच्या भांड्यावरून दिलेल्या प्रशस्तीत कळत नाही. इंडक्शन शेगडीला लोहचुंबक चिकटेल अशा सपाट बुडाची भांडी लागतात; आजीची पितळी पातेली आणि खोलगट कढई तिच्यावर निरुपयोगी ठरतात.

आणखी एक गोष्ट या साऱ्या इतिहासात पुन:पुन्हा डोकावते. चूल घालणारी बाई आपल्या चुलीची परीक्षक होती. बाजार आल्यावर घेणारा एक आणि वापरणारी दुसरी, अशी फाळणी झाली. स्टोव्ह दुकानातून पुरुषाने आणला, सुधारित चूल सरकारी योजनेने बसविली, आज शेगडी परगावी असलेला मुलगा पडद्यावर पाहून आईच्या पत्त्यावर पाठवितो. हेतू प्रत्येक वेळी चांगलाच असतो. तथापि अनोळखी हजारांचे मत वाचण्यात घालविलेल्या तासाभरातली पाच मिनिटे त्या शेगडीपुढे रोज उभे राहणाऱ्या माणसाशी बोलण्यात घालवली, मग ते माणूस स्त्री असो वा पुरुष, तर निम्मी निवड तेथेच होऊन जाईल.