सुई कुणाच्या हातात?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. सुट्टीत वस्तीतल्या लहान मुलांना शिवण आणि हस्तकला शिकवू या, असं मी सुचवलं. घरोघरी चिंध्या पडलेल्या असतात, त्यांच्या बाहुल्या आणि बटणाच्या पिशव्या करता येतील. फॉल-बिडिंग करणारी आमची एक ताई लगेच म्हणाली, "माझी पाठ मोडली या सुईपायी. लेकीच्या हातात पुस्तकच राहू दे." दुसरी म्हणाली, "आणि माझ्या मुलाला कशाला शिवण? तो काय मुलगी आहे?"

दोघींचं म्हणणं मला हसण्यावारी नेता येईना. याच प्रश्नावर आपल्या पुण्यात फार पूर्वी वाद झालेला आहे. आज तीच गोष्ट सांगते.

1848 साली भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. पुढे 1884 साली न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलींचं हायस्कूल सुरू केलं. तीच आपली हुजूरपागा. तिथे मुली इंग्रजी शिकणार म्हटल्यावर विरोध झाला. लोकमान्य टिळकांच्या 'मराठा' पत्राचं म्हणणं असं की, मुलींना मातृभाषा, नीतीचे धडे आणि शिवणकाम पुरे. म्हणजे पुस्तक मागे सारायला सुई पुढे केली होती. आमच्या ताईला वाटणारी भीती उगाच नाही, तिला असा इतिहास आहे.

पण त्याच काळात सुईची दुसरी वाटही निघाली. पंडिता रमाबाई 1886 साली अमेरिकेला गेल्या आणि तिथे त्यांनी किंडरगार्टनची पद्धत शिकून घेतली. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. किंडरगार्टन ही कल्पना जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेल यांची. त्यांच्या बालशाळेत मुलं कागदाच्या घड्या घालत, कागदाच्या पट्ट्या विणत आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यावर दोऱ्याने आकार शिवत. हे मुलींना संसारासाठी तयार करणं नव्हतं. बोटं वळावीत, नजर स्थिरावी, आकार आणि मोजणी हातातून डोक्यात जावी, हा त्यामागचा विचार. मुलगा असो की मुलगी, दोघांना तेच काम.

1909 साली रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथे विधवा आणि शिक्षण राहून गेलेल्या बायका शिवण शिकल्या, त्याबरोबर लिहा-वाचायलाही शिकल्या. कुणी परिचारिका झाल्या, कुणी शिक्षिका. इथे सुई पुस्तकाच्या जागी नव्हती, शेजारी होती. हा फरक मोठा आहे.

मुलांच्या हातात हस्तकला द्यावी का, याचं उत्तर 1937 च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मिळालं. हस्तोद्योगातून शिक्षण द्यायचं आणि ते मुलगे-मुली दोघांना, असं गांधीजींनी मांडलं. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. अनुताई स्वतः बालविधवा होत्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं केली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. अंगणात भरणारी बालवाडी, म्हणजे अंगणवाडी, ही कल्पना याच कामातून रुजली.

आता आपल्या घरात बघा. लग्नसराईनंतर जाड पत्रिकांचा ढीग उरतो. एका पत्रिकेवर आंब्याचं पान किंवा मासा काढा. कडेने बोटभर अंतरावर दाभणाने भोकं पाडा. हे काम मात्र मोठ्यांनीच करायचं. चार-पाच वर्षांच्या मुलाला बुटाची जुनी नाडी द्या. एका भोकातून वर, दुसऱ्यातून खाली. हाच धावदोरा, आणि सुई अजून हातात आलेलीसुद्धा नाही! जाता जाता भोकं मोजायला सांगा. जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून एक वर, एक खाली अशी चटई विणता येते. सात-आठ वर्षांच्या मुलाला मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई आणि जुन्या चादरीचा तुकडा द्या, आणि तुम्ही शेजारी बसा. चिंध्यांचा गोळा पांढऱ्या कापडात बांधला की बाहुलीचं डोकं तयार. डोळे दोऱ्याने काढा. अगदी लहान मूल जवळ असेल तर बटणं, मणी लावू नका, ते तोंडात जातात.

आमच्या बैठकीत शेवटी तीन गोष्टी ठरल्या. वर्ग आठवड्यातून एक तासच. लेकरांनी केलेली वस्तू विकायची नाही, ती त्यांची. आणि प्रत्येक मुलाने पहिल्यांदा स्वतःच्या शर्टाचं बटण लावायला शिकायचं.

पहिल्या दिवशी अकरा मुलं आली, त्यांत चार मुलगे. फॉल-बिडिंगवाल्या ताईची लेकही होती. तिने पत्रिकेवर मासा शिवला आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःचं नाव लिहिलं. ताईने तो मासा दारावर लावलाय, नावाची बाजू बाहेर करून.