रिले, डाक आणि टप्पा

जुन्या लिनक्स सर्व्हरवरून बाहेरचे मेल जायचे थांबले की आधी लॉग उघडायचा. तिथे बऱ्याचदा दोनपैकी एक तक्रार भेटते: 'रिले ॲक्सेस डिनाइड', नाहीतर टीएलएस जुळत नाही. सेटिंगला हात लावण्याआधी या 'रिले'पाशी थांबावं, कारण मेलचा सगळा प्रवास त्या शब्दात आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द शिकारीतला. हरणामागे धावून कुत्र्यांची एक टोळी दमली की वाटेत आधीच राखून ठेवलेली ताज्या दमाची टोळी सोडायची, ती रिले. पुढे तो टपालाच्या घोड्यांना लागला, मग तारयंत्राला. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली मेल पोचवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीचे नियम लिहिले, तेव्हा एका यंत्रानं दुसऱ्याचं पत्र पुढे पोचवण्यालाही हाच शब्द आला.

आपल्याकडे ही रचना 'डाक' या शब्दात होती. आज डाक म्हणजे पत्रं; मुळात मात्र वाटेवर ठरावीक अंतरानं ठेवलेली माणसं नि घोडे. म्हणून तर डाक 'बसवत' असत. 'टपाल' कुठून आला, हा वाद जुना. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात सी. पी. ब्राउन यांचं मत आहे की त्याचं नातं फ्रेंच 'एताप'शी, म्हणजे मुक्कामाशी असावं. जॉन बीम्स यांनी ते 'टप्पा'शी जोडलं, पण ठसा मारण्याच्या अर्थानं. माझा कल टप्प्याकडेच, मात्र तो ठशाचा नव्हे, मजलेचा. एसटीचं भाडं आजही टप्प्यानं आकारतात, सहा किलोमीटरचा एक. आणि चेंडू आपटून उसळतो तोही टप्पाच! मेल पुढे जाणं आणि बाउन्स होणं, दोन्हींना पुरणारा हा शब्द तांत्रिक मराठीत यायला हवा. 'अग्रेषण' म्हटलं की वाट दिसतच नाही.

आता मूळ दुखणं, दोनपैकी टीएलएसचं. समजा सर्व्हर सेंटओएस ५ चा आहे. त्याचा आधार मार्च २०१७ मध्येच संपला. त्यातलं ओपनएसएसएल ०.९.८ टीएलएस १.० च्या पुढचं बोलू शकत नाही, आणि बाहेरचे बरेच मेल सर्व्हर आता १.२ पेक्षा कमी काही ऐकून घेत नाहीत. पोर्ट ५८७ वर जोडणी होते, पण टीएलएसपाशीच तुटते. पासवर्ड सांगायची वेळच येत नाही. त्यामुळे पासवर्ड बदलत बसणं व्यर्थ. मेल क्यूत पडून राहतो, आणि नेहमीच्या सेटिंगप्रमाणे पाच दिवसांनी मेलर-डीमन तो परत करतो. (हा डीमन सैतान नव्हे. १९६३ च्या सुमारास एमआयटीतल्या मंडळींनी पडद्यामागे अखंड राबणाऱ्या प्रोग्रामला हे नाव दिलं, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या विचारप्रयोगातल्या त्या राबत्या जीवावरून.)

सर्व्हर लगेच बदलता येत नसेल तर उपाय डाकेचाच: एक टप्पा वाढवायचा. त्याच नेटवर्कवर पोस्टफिक्स असलेलं नवं यंत्र ठेवायचं. जुन्यानं मेल त्याच्याकडे टीएलएसविना द्यायचा, नव्यानं टीएलएस १.२ नं बाहेर न्यायचा. जुन्यावर सेंडमेल असेल तर 'स्मार्ट होस्ट', पोस्टफिक्स असेल तर 'रिलेहोस्ट' ही एकच ओळ बदलावी लागते. नव्या यंत्राच्या 'मायनेटवर्क्स'मध्ये, म्हणजे ज्यांचं पत्र पुढे न्यायचं त्यांच्या यादीत, मात्र त्याचा स्वतःचा आणि जुन्या सर्व्हरचा, एवढेच पत्ते हवेत. १९९८ च्या ८.९ आवृत्तीआधीचा सेंडमेल कुणाचंही पत्र पुढे न्यायचा, आणि स्पॅमवाल्यांनी त्या मोकळेपणाचा पुरेपूर फायदा घेतला.

मग जुन्या सर्व्हरवर साचलेली क्यू पुन्हा वाहती करायची. जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये 'सेंट' दिसलं तरी त्याचा अर्थ पुढच्या टप्प्यानं पत्र ताब्यात घेतलं, एवढाच. ते बाहेर पडलं की नाही हे नव्या यंत्राचा लॉग सांगेल.