जिंकणाऱ्याच्या गाडीत ७५ किलो

१९५८ साली ब्रिटनमध्ये सलून गाड्यांची, म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या बंद टपाच्या चारचाकींची, राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच वर्षी पंचाईत झाली. जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे गुण सारखे भरले. नाणेफेक करावी असं कुणी सुचवलं, ते दोघांनाही रुचलं नाही. मग ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर दोन सारख्या रायली गाड्या आणल्या. पाच फेऱ्यांची एक शर्यत, गाड्यांची अदलाबदल, पुन्हा पाच फेऱ्या. एकूण वेळेत सीअर्स १.६ सेकंदांनी पुढे राहिला. मला हा निकाल फार आवडतो. दैवावर काहीच सोडलं नाही.

पण गुण सारखे झाले कसे? दोघं वेगवेगळ्या गटांत धावत होते. गुण आपल्या गटातल्या क्रमांकावर मिळत, एकूण क्रमांकावर नव्हे. यातूनच १९७० ते ७२ अशी सलग तीन वर्षं बिल मॅकगव्हर्न चिमुकल्या सनबीम इम्पवर विजेता ठरला. इंजिन एक लिटरच्या आतलं. पुढे मस्टँग नि कॅमारोसारखी अमेरिकन धुडं गर्जत जात आणि वर्षअखेरीस चषक मात्र इम्पच्या घरी. छोट्या गाडीला न्याय मिळाला, हे खरं. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला कळेना की जिंकलं कोण. १९९१ मध्ये दोन लिटरचा एकच गट ठेवून तो घोळ संपवला.

त्यातून दुसरा उभा राहिला. एकच गट, म्हणजे ज्याची गाडी चांगली तो प्रत्येक वेळी पुढे. प्रेक्षकाला जांभया. यावर उपाय म्हणून उलटी रांग आली. २००५ पासून टूरिंग कारच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या शर्यतीतले पहिले आठ जण दुसऱ्या शर्यतीला उलट्या क्रमाने उभे राहू लागले. आठवा सर्वांत पुढे, पहिला आठव्या जागी.

आता विचार करा, शेवटच्या फेरीत तुम्ही सातवे आहात. सातव्याला दोन गुण, आठव्याला एक. एक गुण सोडला तर पुढच्या शर्यतीत पहिली जागा. पाय ब्रेककडे जाणारच. मागून कुणी दीडशेच्या वेगाने येत असताना मुद्दाम हळू होणं, हा माझ्या मते खेळ नाही, धोका आहे. असा नियम करणाऱ्याला माणसाचा स्वभाव कळलेला नसतो.

ब्रिटिशांनी तोड काढली ती चिठ्ठीची. दिवसाच्या तिसऱ्या शर्यतीआधी आकडा काढायचा, बराच काळ तो सहा ते दहांमधला असे. आकडा निघेल तितक्यांचा क्रम उलटा. आधी कळतच नाही तर हळू कोण होणार? १९५८ साली नाणं नाकारणाऱ्या स्पर्धेत दैव असं मागच्या दाराने आत आलं. पण इथे ते लबाडी रोखायला आलं, म्हणून मला तितकंसं खटकत नाही.

वजनाचं तर आपल्यालाही नवल नको. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्यावर जास्त वजन असतंच. ब्रिटिश स्पर्धेत २०१४ पासून काही वर्षं अव्वल ड्रायव्हरच्या गाडीत ७५ किलो असत, पुढे कमी होत दहाव्यापर्यंत. म्हणजे एक धडधाकट माणूस शेजारी बसवून वळणं घ्यायची!

यात बोनस गुणांची भर. पहिल्या शर्यतीसाठी पोल पोझिशन मिळवली तर एक, सर्वांत वेगवान फेरीला एक, एखादी फेरी आघाडीवर राहिलात तर एक. वेगवान फेरीचा गुण रास्त आहे, तो कमवावा लागतो. आघाडीचा गुण मात्र उलट्या रांगेत चिठ्ठीने पुढे आलेल्यालाही पहिल्याच फेरीत मिळून जातो. किरकोळ वाटेल. पण २०१६ मध्ये गॉर्डन शेडनने सॅम टॉर्डॉफला हरवलं ते ३०८ विरुद्ध ३०६ असं, तीस शर्यतींनंतर दोन गुणांनी.